जिग्गी आर्गानाची खोटी मुलाखत

मनिला, १२ ऑगस्ट १९९१

प्रिय मनांग सेलिंग,

तुझ्या धाकट्या भावाचे दिवस फिरले. तीन वर्षं मी टीव्हीवरच्या ‘जेवणाआधी हसा’मध्ये कधी पोलीस, कधी नारळाचं झाड, एकदा तर नुसता बोकडाचा मागचा अर्धा भाग झालो. आता शनिवारच्या कार्यक्रमात माझा स्वतःचा कोपरा आहे. माझा जोडीदार दोमेंग गाऊन घालून, पंखा घेऊन दोन्या दिविना नावाची श्रीमंत बाई होतो आणि मोठमोठ्या गायकांच्या मुलाखती घेतो. ते सगळे गायक म्हणजे मीच. चार-पाच जण करून पाहिले, पण लोकांनी डोक्यावर घेतला तो एकच. जिग्गी आर्गाना.

त्याचं चित्र तू कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतंस, नानायला दिसू नये म्हणून. तेव्हा तो कोण हे मी तुला सांगायला नको. पण गेल्या नाताळच्या कार्यक्रमात तो पिऊन आला होता ते आठवतं ना? जीभ जड, तोंड एका बाजूला ओढलेलं, माइक हातातून निसटला आणि गडी प्रेक्षकांकडे पाठ करून पडद्याला नमस्कार करून गेला. त्यानंतर कुठे दिसलाही नाही. मी नेमकं तेच करतो. दोन्या दिविना अगदी आदराने विचारते, “नोंग जिग्गी, नवीन गाणं कधी?” मी तोंड वाकडं करून उत्तर द्यायला जातो आणि तोंडातलं सरबत ओठांच्या कोपऱ्यातून गळून शर्टावर येतं. हसता हसता लोकांची पुरेवाट होते.

दिरेक आमचा दिग्दर्शक असला तरी चेहऱ्याने सरकारी कारकून आहे. तोही परवा हसला आणि मला वर्षभराचा करार दिला. नानायला सांग, तुझ्या पोराला करार मिळाला, शेजारच्या सगळ्यांना गोळा करून दाखव.

तुझा,
तोतो


इलोइलो, २६ ऑगस्ट १९९१

प्रिय तोतो,

करार मिळाला, आनंद झाला. नानायने शेजारपाजार गोळा केला होता. सगळे हसले. नानाय मात्र जपमाळ घेऊन आत गेली. तिचं म्हणणं तुला ठाऊक आहे. मोठ्या माणसाच्या व्यंगाला हसलं की गाबा लागतो, जे दुसऱ्याचं केलं ते आपल्याच अंगावर उलटतं. मी नेहमी तिची थट्टा करते. या वेळी केली नाही.

माझं एक ऐक. जिग्गी कर, हवा तेवढा कर. त्याचे केस कर, त्याचा काळा चष्मा कर. फक्त ते तोंड वाकडं करणं आणि ते सरबत बंद कर. कारण विचारू नकोस. मी तुला कधी फुकटचं काही सांगितलंय का?

माझं बरं चाललंय. वॉर्डातून काढून मला एका खोलीतल्या एकाच रुग्णावर ठेवलंय. काम कमी आहे, पण जड आहे.

मनांग सेलिंग


मनिला, ९ सप्टेंबर १९९१

प्रिय मनांग,

तुझं पत्र मी दोमेंगला वाचून दाखवलं. तो म्हणाला, तुझी बहीण नर्स आहे की नन?

अगं, गाबाच्या गोष्टी नानायने कराव्यात, तू सोळा वर्षं सुया टोचतेस. आणि व्यंग कसलं? दारू हे व्यंग असेल तर आपल्या गल्लीतले निम्मे बापे अपंग आहेत. वाकडं तोंड काढून टाकलं तर उरतं काय? केस आणि चष्मा कुणीही लावेल. लोक मला रस्त्यात थांबवतात, जीपनीचा ड्रायव्हर तोंड वाकडं करून दाखवतो आणि भाडं घेत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणीतरी आहे, आणि तू म्हणतेस कारण विचारू नकोस.

जिग्गीला राग आला असेल तर त्याने यावं आणि माझ्या थोबाडीत मारावी. कुठेतरी पिऊन पडला असेल. त्याला पत्ता सापडला तर येईल.

या शनिवारी नवीन गंमत आहे. दोन्या दिविना त्याच्या गळ्यात लाळेरं बांधते आणि चमच्याने भरवते. नक्की बघ. नाकाने कांदे सोलणं थोडा वेळ बाजूला ठेव.

तोतो


इलोइलो, १६ सप्टेंबर १९९१

तोतो,

ज्यांनी मला गप्प राहायला सांगितलं होतं त्यांनीच आज हे लिहायची परवानगी दिली. हे वाचून झालं की पत्र फाडून टाक, आणि बोललास तर फक्त दोमेंगशी बोल.

जिग्गी आर्गाना कुठेही पिऊन पडलेला नाही. तो इथे आहे, नऊ नंबरच्या खोलीत. कागदावर नाव त्याचं बाप्तिस्म्याचं आहे, हिगिनो, म्हणून वर्तमानपत्रवाल्यांना पत्ता लागला नाही. मी ज्याच्यावर आहे तो रुग्ण तोच. नाताळच्या कार्यक्रमात तो प्यालेला नव्हता. मेंदूतल्या रक्तस्रावाचा तो पहिला झटका होता, आणि तो साऱ्या देशासमोर, दिव्यांच्या उजेडात आला. आपण सगळे हसलो. मीही हसले होते, तोतो, नर्स असून. जूनमध्ये दुसरा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, पण शब्द सापडत नाही. त्याच्या बायकोने, नांग पुरिंगने, त्याला गावी आणलं. डॉक्टर म्हणाले गाणं कदाचित येईल, म्हणून आम्ही त्याच्याच तबकड्या लावल्या. त्याने भिंतीकडे तोंड केलं.

खोलीत टीव्ही असतो. तू लाळेरं बांधून घेत होतास त्या क्षणी मी त्याच्या गळ्यात फडकं बांधून त्याला पेज भरवत होते. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी धावत जाऊन टीव्ही बंद केला. तो डाव्या हाताने पलंगाचा दांडा आपटत राहिला. त्याला इतकं चिडलेलं मी पाहिलं नव्हतं.

तू माझा भाऊ आहेस हे मी नांग पुरिंगला काल सांगितलं. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, “पोराला ठाऊक नव्हतं.”

आता तुला ठाऊक आहे.

सेलिंग


मनिला, २१ ऑक्टोबर १९९१

मनांग,

महिनाभर लिहिलं नाही. चार वेळा बसलो. प्रत्येक वेळी विनोदाने सुरुवात झाली आणि मी कागद फाडला.

तुझं पत्र मी कपडे बदलायच्या खोलीत वाचलं. डोक्यावर त्याचे केस, नाकावर त्याचा चष्मा. समोर आरसा होता. ते तोंड मी किती मेहनतीने बसवलं होतं ते तुला सांगितलं नव्हतं. नाताळची फीत मी तीस वेळा पाहिली होती. कुठला गाल आधी उतरतो, कुठला शब्द कुठे अडकतो, सगळं वहीत लिहिलं होतं. एका माणसाचा झटका मी तीस वेळा पाहिला आणि मला त्यात फक्त विनोद दिसला.

मी दिरेककडे जाऊन म्हणालो, जिग्गी बंद करू. त्याने मला करार दाखवला. जिग्गी नाही तर तूही नाही, म्हणाला. कारण सांगता येईना. मग मी म्हटलं, निदान वेगळा जिग्गी करतो. जुन्या फितींच्या कोठीत चार दिवस बसलो. चौऱ्याहत्तर सालची एक मुलाखत सापडली, खरी. तो सत्तावीस वर्षांचा, तोंड सरळ, मांडीवर गिटार. मुलाखत घेणारा विचारतो, “तुमची गाणी कुणासाठी असतात?” आणि जिग्गी काही बोलत नाही. मी आधी समजलो फीत अडकली. नऊ सेकंद, मनांग. मी घड्याळ लावून मोजले. मुलाखत घेणारा कागद चाळतो, टाय सरळ करतो, घाम पुसतो. जिग्गी शांत बसलेला, आपल्याला नीट ऐकू यावं म्हणून थांबलेल्या माणसासारखा. मग म्हणतो, “माहीत नाही. मी अजून त्यांना भेटलो नाही.” पुढच्या प्रत्येक प्रश्नाला तेच. इतका थांबतो, कारण खोटं बोलायचं नाही. आपण तर उचलली जीभ लावली टाळ्याला. ज्याच्या जिवावर मी खातोय त्या माणसाला मी पहिल्यांदा पाहत होतो.

आता वाकडं तोंड नाही, सरबत नाही. दोन्या दिविना प्रश्न विचारते आणि मी नुसता नऊ सेकंद बसतो. पहिल्या शनिवारी प्रेक्षकांना कळेना. मग दोमेंगने कानातलं चाचपलं, पंखा उलटा धरला, घसा खाकरला, आणि लोक त्याला हसायला लागले. हसणं माझ्यावरून उठून विचारणाऱ्यावर जाऊन बसलं. दिरेकला पटलेलं नाही, पण लोक हसतात म्हणून गप्प आहे.

नानायला सांगू नकोस, पण आठ दिवस माझी डावी पापणी फडफडत होती. माझी पाचावर धारण बसली. डॉक्टर म्हणाले, कॉफी कमी करा. मी कॉफी सोडली आणि मेणबत्तीही लावली.

त्यांची माफी कशी मागायची ते मला सांग.

तोतो


इलोइलो, ४ नोव्हेंबर १९९१

प्रिय तोतो,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस.

टीव्ही बंद केल्यापासून दर शनिवारी बाराच्या सुमारास नोंग जिग्गी पलंगाचा दांडा आपटायचे. मी समजायचे, तुझी आठवण होऊन संताप येतो. औषध द्यायचे. परवा नांग पुरिंग म्हणाली, “अगं, हा राग नाही. बावीस वर्षं मी ही आपटणी ऐकतेय. त्याला काहीतरी हवंय.” तिनेच टीव्ही लावला. मी दाराशी उभी राहिले, देवाचं नाव घेत.

तुझा नवा जिग्गी लागला. दोन्या दिविनाने विचारलं, “नोंग जिग्गी, सकाळी उठल्यावर पहिल्यांदा काय आठवतं?” तू गप्प बसलास. प्रेक्षक हसत होते. आणि माझ्या मागून आवाज आला, “ता... हो.”

जूनपासूनचा पहिला शब्द, तोतो. आपल्या लहानपणी सकाळी दोन डबे खांद्यावर घेऊन ताहोवाला यायचा, तो सोयाबीनचा गोड गरम ताहो. मी वळून पाहिलं तर त्यांचे डोळे पडद्यावर होते. नांग पुरिंगने तोंडावर हात घट्ट दाबला होता. तेवढ्यात तू टीव्हीवर काहीतरी उत्तर दिलंस, दुसरा प्रश्न आला, आणि ते पुन्हा ओठ हलवू लागले. त्यांचा शब्द बाहेर यायच्या आत तू बोललास.

मी रात्रभर विचार केला. आम्ही सगळे त्यांच्यावर माया करतो आणि सगळे घाई करतो. त्यांनी ‘पा’ म्हटलं की मी म्हणते पाणी? पाय? पान? नांग पुरिंग तर चार शब्द पुढे असते. डॉक्टर घड्याळ बघतात. या देशात त्यांना कुणी प्रश्न विचारून थांबत असेल तर ती एक खोटी बाई आणि एक खोटा जिग्गी. सोळा वर्षांत मी माणसं मरताना पाहिली, जन्मताना पाहिली. असं काही पाहिलं नव्हतं.

माफी कशी मागायची ते मला माहीत नाही. पण नऊ सेकंद त्यांना पुरत नाहीत. ते सत्तावीस वर्षांचे असताना पुरायचे. तुला आणखी थांबता येईल का?

मनांग


मनिला, १५ नोव्हेंबर १९९१

मनांग,

बसून वाचलं. मग दोमेंगला वाचून दाखवलं. तो माणूस आईच्या अंत्ययात्रेत विनोद करत होता. त्याने खोटे दागिने काढून टेबलावर ठेवले.

आणखी थांबायचं म्हटलं तर दिरेक आडवा येतो. थेट कार्यक्रम, टीव्हीवर शांतता म्हणजे लोक खोका बिघडला समजून दुसरीकडे जातात. गेल्या शनिवारी मी अकरा सेकंद थांबलो तर त्याने सगळ्यांदेखत सांगितलं, दहाच्या वर गेलास तर तुझा जिग्गी आणि तू, दोघांना एकाच दारातून बाहेर काढतो. तो बोलतो ते करतो.

तेवीस तारखेला, शनिवारी, टीव्ही लाव. त्या दिवशीचा प्रश्न मी स्वतः लिहिला आहे. दोमेंगला पाठ झालाय. उत्तर लिहिलेलं नाही. ते लिहायचा मला हक्क नाही.

नांग पुरिंगला म्हणावं, त्या दिवशी त्यांच्यासाठी शब्द शोधू नका. तूही नको.

तोतो


मनिला, २४ नोव्हेंबर १९९१

प्रिय मनांग,

तुझ्या पत्राची वाट न बघता लिहितो, कारण आता मला वेळच वेळ आहे. दिरेकने शब्द पाळला.

तू पाहिलंसच, पण इथून कसं दिसलं ते सांगतो. दोमेंगने प्रश्न विचारला आणि पंखा मिटून मांडीवर ठेवला. ठरल्याप्रमाणे तो हलला म्हणून नाही. मी बसलो. पाचव्या सेकंदाला नेहमीसारखं हसू आलं, आठव्याला विरलं. दहाव्याला दिरेकने काचेमागून गळ्यावरून बोट फिरवलं. मला ते दिसलं. पंधराव्याला प्रेक्षकांतली एक म्हातारी शेजारणीला काहीतरी विचारू लागली आणि मध्येच थांबली. मग कुणी हललंही नाही. तीनशे माणसं, मनांग, दर शनिवारी बाजार भरवणारी, आणि त्या हॉलमध्ये दिव्यांची गुणगुण ऐकू येत होती. कुणी हसत नव्हतं. ते वाट बघत होते, कशाची हे त्यांना ठाऊकही नव्हतं. मी विनोदी नट आहे, लोक हसले नाहीत तर जीव जातो माझा. काल पहिल्यांदा वाटलं की आपण देवळात बसलोय.

किती थांबलो ते मला माहीत नाही. दोमेंग म्हणतो सव्वीस सेकंद. जिग्गीचा चष्मा काढून मी मान लववली आणि निघून आलो. उत्तर दिलं नाही.

पुढच्या आठवड्याच्या बोटीने घरी येतोय. नानायला सांग, काम गेलंय, पापणी ठीक आहे. तिकडे काही झालं असेल तर कळव. काही झालं नसेल तरी कळव, मी रागावणार नाही.

तोतो


इलोइलो, २३ नोव्हेंबर १९९१, शनिवार

प्रिय तोतो,

माझी एक मैत्रीण उद्या विमानाने मनिलाला येतेय, तिच्या हाती हे देते. टपालावर माझा भरवसा नाही.

आम्ही टीव्ही लावला. नोंग जिग्गींना उशा लावून बसवलं. दोन्या दिविनाने आज नखरा केला नाही. साध्या आवाजात विचारलं, “नोंग जिग्गी, टीव्हीवर एक पोरगा तुमची नक्कल करतो. तुम्हाला न विचारता त्याने तुमचं तोंड घेतलं. तुम्ही त्याच्यावर रागावलात का?”

तू गप्प बसलास. मला कळलं तू काय केलंस ते, आणि रडू आलं, पण रडायला वेळ नव्हता. त्यांचे ओठ हलत होते. नांग पुरिंग पुढे झुकली, मी तिचं मनगट धरलं. तुझ्या नेहमीच्या नऊ सेकंदांत काहीही आलं नाही. त्यानंतर थोड्या वेळाने ते म्हणाले, “राग.” मग म्हणाले, “होता.”

मी पडद्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा बोलेल, आता पुढचा प्रश्न येईल, आणि आयुष्यभर आपल्या वाट्याला एवढंच उत्तर राहील. तू बोलला नाहीस, तोतो. तू बसून राहिलास. हॉल बसून राहिला. टीव्हीतून काही आवाज येत नव्हता, खोलीत काही आवाज नव्हता. त्यांच्या कपाळावर घाम आला. मान हलली. आणि त्यांनी एकेक शब्द वर ओढून काढला.

“आता. नाही.”

मग तू चष्मा काढलास. केसांखाली तुझा चेहरा दिसला, आपल्या घरचा चेहरा. नोंग जिग्गींनी डावा हात उचलला, बोटं खाली सोडून, आणि पडद्याच्या दिशेने पुढे धरला. त्यांना पाणी हवंय असं वाटून मी पेला घेतला. नांग पुरिंगने माझ्या हातातून पेला काढून घेतला. “तो पोराला हात देतोय,” ती म्हणाली. वडीलधारी माणसं आपल्याला कपाळाला लावायला हात देतात, तसा.

तू साडेचारशे किलोमीटर दूर होतास आणि त्यांचा हात हवेत थरथरत होता. म्हणून मी पलंगाशी गुडघ्यांवर बसले, तुझं नाव घेतलं, आणि तो हात कपाळाला लावला.

मनांग